क्राउन-पिनियन बदलले आणि किलोमीटर आटले: एका जीपचे प्रकरण

सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या मामांकडे महिंद्राची जुनी डिझेल जीप आहे. तिच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून आलेली गती चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलून चार महिने होऊन गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे दोन तक्रारी मांडल्या. पहिली अशी की, एवढा खर्च करूनही साठच्या वेगाला इंजिन पूर्वीइतकेच ओरडते. दुसरी त्याहून जिव्हारी लागणारी होती: जे काम अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून केले, त्यानंतर अ‍ॅव्हरेज उलट कमी झाले. मामा डिझेलचा हिशेब डायरीत ठेवतात, आणि तोही टाकी काठोकाठ भरल्यापासून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत, म्हणजे योग्य पद्धतीने. कामाआधीच्या नोंदींची सरासरी लिटरला ११.२ किलोमीटर येत होती आणि नंतरची १०.५. जीप कमी पडली, मिस्त्री चुकला की डिझेलमध्ये काही गडबड आहे, असे तीन संशय घेऊन ते बसले होते. प्रत्यक्षात तिघेही निर्दोष होते. बिघडला होता तो एक गुणोत्तराचा मेळ, आणि तो कोणाच्याही डोळ्यांना दिसणारा नव्हता.

काम काय झाले होते ते आधी सांगतो. मूळ क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८ दात होते, म्हणजे गुणोत्तर ५.३७५. चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडची गती अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याला, सव्वापाचहून थोडे अधिक फेरे मारावे लागत. चिखलात, चढावर, मागे ट्रेलर जोडून चालवण्यासाठी हे उत्तम. पण जीप आता शेतापेक्षा महामार्गावर अधिक असते, आणि तिथे चार गिअरच्या या गाडीचे इंजिन उगाच जास्त फिरते. म्हणून त्याच आकाराच्या अ‍ॅक्सलमध्ये बसणारे ३९ आणि ८ दातांचे, म्हणजे ४.८७५ गुणोत्तराचे क्राउन-पिनियन बसवण्यात आले. ही दोन्ही गुणोत्तरे या घराण्यात मूळचीच आहेत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलीस जीपला ४.८८ होते, आणि १९४५ साली शेतकऱ्यांसाठी म्हणून निघालेल्या नागरी सीजे-२ए जीपला ५.३८. महिंद्राने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली तेव्हा हाच वारसा इकडे आला. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असल्याने पुढचा आणि मागचा असे दोन्ही संच बदलावे लागले. एकच बदलला असता तर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडली असती आणि त्या ताणाने ट्रान्स्फर केसचे, म्हणजे गिअरबॉक्सची गती पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या पेटीचे, नुकसान झाले असते. वर्कशॉपने हे व्यवस्थित पाळले होते. पाळले गेले नाही ते एक दहा मिनिटांचे, किरकोळ खर्चाचे काम.

मीटर नेमके काय मोजतो

ओडोमीटर अंतर मोजतो, असे आपण म्हणतो. या जीपचा मीटर अंतर मोजत नाही. तो प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजतो आणि अमुक इतके फेरे म्हणजे एक किलोमीटर, असे कारखान्यात एकदा ठरवून दिलेले गृहीतक शेवटपर्यंत निष्ठेने पाळतो. ट्रान्स्फर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर स्क्रूसारखे दात असलेला छोटा चालक गिअर असतो, त्याला लागून आडवा चालित गिअर फिरतो, त्यात केबलचे चौकोनी टोक अडकते, आणि ती केबल डॅशबोर्डमागे मीटरला जाऊन भिडते. चाक या साखळीत कुठेच नाही. चाक आणि मीटर यांच्यामध्ये डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधला क्राउन-पिनियनचा संच, उभा आहे, आणि मामांच्या गाडीत बदलला होता तो नेमका डिफरन्शियलच.

दिशेचा विचार इथे अनेकांना चकवतो. गुणोत्तर ५.३७५ वरून ४.८७५ वर आले म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट आता कमी फिरतो. गाडी तेवढेच अंतर कापते, पण मीटरपर्यंत फेरे कमी पोचतात. ४.८७५ भागिले ५.३७५ म्हणजे ०.९०७. पूर्वी ज्या अंतराला मीटर १०० दाखवी, त्याच अंतराला तो आता ९०.७ दाखवणार. डिझेल मात्र खऱ्या अंतराचे जळते. मामांच्या डायरीत भागाकाराचा खालचा आकडा खरा होता आणि वरचा आकडा सव्वानऊ टक्क्यांनी आटलेला होता.

पहिल्या तक्रारीचे उत्तरही इथेच दडलेले आहे, आणि मला या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग तोच वाटतो. टॉप गिअरमध्ये या गाडीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसची हाय रेंज (नेहमीच्या रस्त्यासाठीची जोडणी) दोन्ही एकास एक असतात, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. वेगाचा काटा त्याच शाफ्टवरून हलतो. म्हणून टॉप गिअरमध्ये काटा साठवर असेल, तर डिफरन्शियलमध्ये काहीही बसवा, इंजिनाचे फेरे तेच राहणार. मामा काट्याकडे पाहून साठवर गाडी धरत आणि कानांनी इंजिन ऐकत. त्यांच्या दृष्टीने काहीच बदलले नव्हते, कारण त्यांची दोन्ही साधने शाफ्टच्या एकाच बाजूची होती. बदल झाला होता पलीकडच्या बाजूला: रस्ता अधिक वेगाने मागे पडत होता. ‘हल्ली कराडला जरा लवकर पोचतो,’ असे ते एकदा बोलून गेले होते. कराडच्या फेरीची डायरीतली नोंद पूर्वी ४६ किलोमीटर असे, ती ४२ वर आली होती. नवा बायपास झाल्याने अंतर कमी झाले असावे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. समजूत चुकीची असली तरी अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रस्ते खरोखरच बदलत असतात.

केबलवरचा खोटा आरोप

माझ्याकडे येण्यापूर्वी मामा जीप घेऊन पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथे नोझल साफ करून झाले, ब्रेक कुठे घासतात का ते पाहून झाले, आणि शेवटी ‘केबल सैल झाली असेल, मीटर मागे पडत असेल’ म्हणून नवी केबल टाकून झाली. फरक शून्य. त्यानंतर मीटरच बदलण्याचा सल्ला मिळाला, तो मामांनी सुदैवाने मानला नाही. जुना मीटर काढून दुसरा बसवला असता तर गाडीच्या एकूण धावेची नोंद कायमची तुटली असती.

केबलवर आरोप करण्यापूर्वी एका साध्या गोष्टीचा विचार व्हायला हवा होता. केबलची दोन्ही टोके चौकोनी असतात आणि चौकोनी खाचेत बसतात. ती एक तर फिरते किंवा फिरत नाही. प्रत्येक शंभर फेऱ्यांतले नेमके नऊ फेरे गाळण्याची करामत तिला साधत नाही. केबल वाळली असेल तर काटा थरथरतो, टोक झिजले असेल तर मीटर मध्येच थांबतो आणि पुन्हा चालू होतो, तार तुटली तर काटा शून्यावर पडतो. याउलट, हळू गाडीला, वेगवान गाडीला, घाटात, सपाटीवर, सगळीकडे जर तूट एकाच टक्केवारीची असेल, तर बिघाड कुठल्याही सुट्या भागात नसून दातांच्या गणितात आहे. अनियमित चूक झिजेची असते आणि प्रमाणशीर चूक गुणोत्तराची, हा फरक माहीत असता तर केबलचे पैसे वाचले असते. मिस्त्रींचा यात फार दोष आहे असे मी म्हणणार नाही. सध्याच्या बहुतेक मोटारींत वेगाची नोंद चाकांजवळच्या सेन्सरवरून किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या डिफरन्शियलवरून घेतली जाते, तिथे फायनल ड्राइव्ह, म्हणजे क्राउन-पिनियनसारखी शेवटची जोडी, बदलल्याने मीटरला काही होत नाही, फक्त टायर बदलल्याने होते. ज्या गाडीत मीटरची नोंद डिफरन्शियलच्या अलीकडून घेतली जाते, तिथेच ही भानगड उद्भवते.

याच कारणाने मामांचा आणखी एक प्रश्नही निकालात निघाला. चिखलात लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी जोडणी) लावून चालवतो तेव्हा मीटर जास्त पळतो का, असे त्यांनी विचारले. नाही. नोंद ट्रान्स्फर केसच्या आउटपुट बाजूला घेतलेली असल्याने गिअरबॉक्समध्ये किंवा ट्रान्स्फर केसमध्ये कुठलाही गिअर असो, शाफ्टचा एक फेरा तो एकच फेरा. उद्या या जीपमध्ये पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला तरी, ही नोंद घेणारे गिअर आणि डिफरन्शियल जोवर तेच आहेत, तोवर ओडोमीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

तपासणी

तर्क पटला तरी आकड्यांनी त्याची खातरजमा करणे भाग होते. आधी गुणोत्तर डिफरन्शियल न उघडता तपासले. गाडी सपाटीवर लावून पुढच्या चाकांना ओंडके लावले, गिअर न्यूट्रलला ठेवला, मागचे एक चाक जॅकवर उचलले आणि हँडब्रेक सोडला, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून थेट प्रोपेलर शाफ्टवर लागतो. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेले चाक दोनदा पूर्ण फिरवले की क्राउन एकदा फिरतो. तेवढ्यात शाफ्टवरची खडूची खूण पावणेपाच फेऱ्यांच्या थोडी पुढे गेली. म्हणजे ४.८७५ बरोबर होते.

नंतर टायर. कंपनीच्या तक्त्यातला घेर इथे कामाचा नसतो, कारण तो हवेत लटकलेल्या टायरचा असतो आणि गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. हवा नेहमीच्या दाबावर ठेवून, आत दोन माणसे बसवून, टायरवर आणि रस्त्यावर खूण करून जीप दहा फेरे पुढे ढकलली. फीत २१.९ मीटर भरली. चाकाचा एक फेरा म्हणजे २.१९ मीटर, आणि एका किलोमीटरला ४५६.६ फेरे.

तिसरी गोष्ट मीटरचा स्वतःचा आकडा, म्हणजे केबलचे किती फेरे झाले की तो एक किलोमीटर मोजतो. ट्रान्स्फर केसकडचे टोक सोडवून मी केबल हाताने फिरवत बसलो आणि मामेभाऊ मोजत बसला. ३१२ फेऱ्यांत दशांशाचा आकडा पाच घरे सरकला. म्हणजे किलोमीटरला ६२४ फेरे. अर्धा किलोमीटर गाडी जागेवर उभी असताना मीटरवर चढला, याचीही नोंद मामांनी डायरीत लगेच करून ठेवली. चौथी आणि शेवटची मोजणी गिअरच्या दातांची: शाफ्टवरचा चालक गिअर चार दातांचा आणि केबल फिरवणारा चालित गिअर सोळा दातांचा निघाला, म्हणजे शाफ्टच्या चार फेऱ्यांना केबलचा एक फेरा.

आता सगळी साखळी जोडता येते. मूळ स्थितीत एका किलोमीटरला शाफ्टचे ४५६.६ गुणिले ५.३७५ म्हणजे सुमारे २,४५४ फेरे होत, केबलचे ६१३.६, आणि ६२४ ने भागल्यावर ०.९८३. म्हणजे मूळची गाडीही शंभर किलोमीटरला ९८.३ च दाखवत असे. इतकी चूक चालण्यासारखी आहे आणि ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती. नव्या क्राउन-पिनियनने शाफ्टचे फेरे २,२२६ वर आले, केबलचे ५५६.५, आणि मीटरचे वाचन ०.८९२. जुनी पावणेदोन टक्क्यांची तूट आणि नवी सव्वानऊ टक्क्यांची तूट एकात एक मिसळून जवळजवळ अकरा टक्के झाली होती.

सातारा ते कराड महामार्गावर चाळीस किलोमीटरचा टप्पा घेऊन हे पडताळून पाहिले. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर आंधळा विश्वास ठेवू नये; रुंदीकरणात ते हलतात, वळणरस्ता झाला की मधले अंतर बदलते आणि दगडावरचा आकडा तोच राहतो. म्हणून एक-दोन दगडांमधले अंतर न धरता लांब टप्पा घेतला, आणि मोबाइलच्या जीपीएसवरचे अंतरही सोबत ठेवले. जीपीएससुद्धा घाटातल्या वळणांत कोपरे कापून अंतर थोडे कमी दाखवू शकते, म्हणून खंबाटकीच्या बाजूला न जाता हा त्यामानाने सरळ रस्ता निवडला. चाळीस किलोमीटरला मीटरवर ३५.७ वाढले. हिशेब ३५.७ च सांगत होता.

वेगाच्या काट्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्याच डबीत असूनही त्याचे यंत्र ओडोमीटरहून निराळे असते. ओडोमीटरचे आकडे दातांनीच फिरतात, त्यामुळे त्याची चूक केवळ गुणोत्तराची. काटा मात्र चुंबकाने हलतो: केबल एक चुंबक फिरवते, त्याभोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत विद्युतप्रवाह उमटून ती ओढली जाते, आणि एक बारीक कमान तिला मागे खेचते. कारखाने हा काटा बहुधा थोडा पुढे दाखवील असाच लावतात. जीपीएसवर साठ असताना मामांचा काटा कामाआधी ६२ दाखवी, असे त्यांच्या मुलाने पूर्वी पाहून ठेवले होते. आता तो ५६ दाखवत होता. ही गोष्ट अ‍ॅव्हरेजपेक्षा गंभीर आहे. मोटारींच्या वेगदर्शकासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ चे सूत्र असे आहे की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि जास्त असेल तर तो खऱ्या वेगाच्या एक-दशांशात ४ किलोमीटर मिळवून येणाऱ्या आकड्याइतकाच. मामा काट्यावर साठ धरून खरे चौसष्टने जात होते. चार ब्रेक ड्रमचे, गाडीचा भार उंचावर. अशा जीपला न कळता वाढलेला वेग परवडत नाही.

सोळाऐवजी चौदा

दुरुस्तीसाठी डिफरन्शियलला हात लावण्याचे कारण नव्हते. चालित गिअरचे दात कमी केले की केबल जास्त फिरते, आणि तो गिअर बदलायला ट्रान्स्फर केस उघडावा लागत नाही. केबलची चकती सोडली की बाही आणि गिअर बाहेर येतात, थोडे ऑइल गळते इतकेच. अडचण एवढीच की दात पूर्णांकात येतात. नेमका मेळ बसायला चौदा आणि पाव दात हवे होते. पंधरा दातांनी वाचन ०.९५१ आले असते, चौदा दातांनी १.०१९. आकड्याने चौदा जवळचा आहेच, पण दोन्ही सारखेच दूर असते तरी मी चौदाच सुचवला असता, कारण पंधराने तूट उरते आणि चौदाने किंचित वाढ येते, आणि वेगाच्या बाबतीत वाढीच्या बाजूला राहणेच शहाणपणाचे. केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअरपेटीही मिळते, आणि इथे १.१२ ची पेटी लावून चूक जवळजवळ शून्यावर आणता आली असती; पण जीपखालच्या चिखलात आणखी एक सांधा वाढवणे मला योग्य वाटले नाही.

चौदा दातांचा गिअर जुन्या जीपच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला, जे या दोन गुणोत्तरांचा इतिहास पाहता स्वाभाविक आहे. तो बसवल्यावर त्याच टप्प्यावर पुन्हा फेरी मारली: चाळीस किलोमीटरला ४०.८. खऱ्या साठला काटा ६४ दाखवू लागला. आणि आता मामांनी काट्यावर साठ धरताच इंजिन खरोखर शांत झाले, कारण त्या वेगाला ते पूर्वीच्या सुमारे २,३७५ ऐवजी २,१०० च्या आत फिरत होते.

मग डायरी पुन्हा मांडली. कामाआधीचे ११.२ हे अ‍ॅव्हरेज ०.९८३ ने भागल्यावर खरे ११.४ होते. नंतरचे १०.५ हे ०.८९२ ने भागल्यावर ११.८. घट सहा टक्क्यांची दिसत होती, प्रत्यक्षात वाढ सुमारे तीन टक्क्यांची होती. आणि तीही गाडी नकळत पूर्वीपेक्षा वेगाने पळवून मिळालेली, म्हणजे हवेच्या अधिक विरोधाची किंमत मोजून. त्याच खऱ्या वेगाने तुलना केली असती तर वाढ याहून जास्त दिसली असती, असे मला वाटते, पण तेवढ्या नोंदी अजून जमलेल्या नाहीत.

एक हिशेब उरला होता. क्राउन-पिनियन बदलले तेव्हा मीटर ६१,२४० वर होता आणि गिअर बदलला तेव्हा ६५,७१२ वर. दिसणारे ४,४७२ किलोमीटर खरे ५,०१५ भरतात. ५४३ किलोमीटर मीटरवर आलेच नाहीत. मामा इंजिन ऑइल पाच हजारांवर बदलतात, म्हणजे मीटरप्रमाणे ते अजून पाचशे किलोमीटर दूर होते आणि प्रत्यक्षात वेळ येऊन गेली होती. ऑइल त्याच दिवशी बदलले. मीटर उघडून आकडे पुढे सरकवून द्यावेत का, असे त्यांनी विचारले. पुढे असो वा मागे, आकड्यांना हात लावू नये, असे मी सांगितले; हेतू कितीही स्वच्छ असला तरी नंतर गाडी घेणाऱ्याला तो दिसत नाही, उघडलेला मीटर दिसतो. त्याऐवजी तारीख, दोन्ही वाचने, दोन्ही गुणोत्तरे आणि गिअरचे दात लिहिलेला एक कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

उरलेल्या १.९ टक्क्यांच्या वाढीचे पुढे काय होईल तेही काढून पाहिले. टायर झिजतील तसा घेर कमी होईल आणि ही वाढ आणखी थोडी वाढेल. आठ मिलिमीटर रबर झिजले तर सव्वादोन टक्क्यांनी. पण मामांच्या मनात पुढच्या वेळी पंधरा इंची रिम आणि २३५/७५ चे रेडियल टायर घालायचे आहे. त्यांचा भाराखालचा घेर सुमारे २.२४ मीटर धरला तर चौदा दातांसह वाचन ०.९९६ वर येते, म्हणजे हजार किलोमीटरला चार किलोमीटरची तूट. सध्याचे टायर अजून वर्षभर चालतील. तोवर मामा डायरीत मीटरच्या आकड्याशेजारी एक जादा रकाना आखून त्यात १.०१९ ने भागलेला आकडा लिहितात, आणि त्या रकान्याला त्यांनी ‘रस्त्याचे’ असे नाव दिले आहे.